आमदारांचे मत कुठे पाहायचे?

प्रश्न : आमच्या आमदारांनी अर्थसंकल्पावर कोणते मत दिले, ते कुठे पाहायला मिळेल?

उत्तर : बहुतेक वेळा कुठेच नाही, आणि हे मला फार खटकते. अर्थसंकल्पातील खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्याच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, विधानसभेत सहसा आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, असे अध्यक्षांना वाटले की मागणी संमत. कोणी काय म्हटले, याची नोंद राहत नाही. नावे लिहिली जातात ती मतविभागणी, म्हणजे सदस्यनिहाय मतमोजणी, झाली तरच.

शिवाय कसे मत द्यायचे याचा पक्षादेश (व्हिप) असतो. तो मोडून मत दिले किंवा गैरहजर राहिले, तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार आमदारकी जाऊ शकते. म्हणून नुसत्या मतावरून आमदाराला जोखू नका. भाषणे वाचा, कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव, पाहा. घटनेच्या कलम २०३ प्रमाणे सभागृह मागणी नाकारू शकते, रक्कम कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. त्यामुळे ‘मी निधी वाढवून मंजूर केला’ असे कोणी सांगितले, तर तो सरकारचा निर्णय होता हे ध्यानात ठेवा. अर्थसंकल्पानंतर जादा खर्चासाठी येणाऱ्या पुरवणी मागण्यांनाही हाच नियम.

पुढच्या सभेत आमदारांना थेट विचारा : कोणत्या मागणीवर बोललात, काय बोललात?