झोप, बी-१२ आणि रात्रीचा चहा

रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या गच्चीवरून चाकणकडच्या कंपन्यांचे दिवे दिसतात. थर्ड शिफ्टवाले पोटासाठी जागतात, पण आपण कशासाठी जागतो? मागच्या सेमिस्टरला मी रोज तीन वाजेपर्यंत टक्क जागा असायचो. शिवाय पायाला सारख्या मुंग्या यायच्या. रूममेटचं निदान तयारच होतं, "व्हिटॅमिन कमी आहे लेका, गोळ्या खा, झोप येईल!"

डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. बी-१२ खरोखरच कमी निघालं. यात नवल नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के!

कारण सोपं आहे. हे जीवनसत्त्व पोळी, भाजी, डाळीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, आणि एका ग्लास दुधात असतं साधारण एक. मेसचं ताक किती पातळ असतं ते मी सांगायला नको! नसांवरचं आवरण नीट राहायला बी-१२ लागतं. ते कमी पडलं की थकवा येतो, मुंग्या येतात.

औषधाने मुंग्या गेल्या. झोप मात्र आली नाही. मग वाचताना कळलं की जपानमध्ये खूप उशिरा झोप लागणाऱ्या रुग्णांना रोज तीन मिलिग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं होतं. १९९७ च्या त्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या गोळीत फरक दिसला नाही. 'ड' जीवनसत्त्वाचंही तसंच. ते कमी असलेल्यांची झोप बऱ्याचदा बिघडलेली आढळते. पण जो दुपारपर्यंत लोळतो त्याला ऊन कमीच मिळणार. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "रात्री चहा किती घेतोस?" अकरानंतर तीन कटिंग! शरीरातलं निम्मं कॅफीन जायलाच साधारण पाच तास लागतात. शिवाय जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. लोह कमी झालं की काहींचे पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत, आणि झोपमोड होते ती वेगळीच. संध्याकाळनंतरचा चहा सोडला, तेव्हा कुठे बारा वाजता डोळा लागू लागला.

तात्पर्य, कमतरता असेल तर ती भरून काढाच. दुर्लक्ष केलं तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. पण आधी तपासणी, मग गोळी. आणि ती गोळी म्हणजे झोपेचं औषध नव्हे. जाता जाता मेस कमिटीला एकच विनंती, ताक जरा दाट करा!