तारापूरची अणुभट्टी पुन्हा सुरू होते

मुलांनो, 11 डिसेंबर 1967 ची पहाट मला अजून आठवते. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. माण तालुक्यातील आमच्या घरात सारी मंडळी निजलेली असता उतरंडीची मडकी एकाएकी खडखडू लागली, गोठ्यातील बैल दावी ताणून हंबरू लागले, आणि आईने आम्हां भावंडांना दंडाला धरून अंगणात ओढले. काय झाले हे कोणालाच उमगेना. उजाडल्यावर हळूहळू वार्ता आली, की कोयनेला भूकंप झाला आहे, कोयनानगर कोसळले आहे, आणि धरणाच्या भिंतीला तडे गेले आहेत. त्या भूकंपात सुमारे 180 माणसे दगावली. कोयनेची वीज बंद पडली व तिच्यावर चालणारे मुंबईचे कारखानेही थांबले. पुढे जलाशयाची पातळी उतरवून भिंतीचे तडे बुजवण्यात आले, काही वर्षांत उंच भागांना मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले, आणि कोयना पुन्हा महाराष्ट्राला वीज देऊ लागली.

कोयनेची ही कथा तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलीच असेल. आज जी सांगावयाची आहे ती अरबी समुद्राच्या काठावरील तारापूरची. तिचाही या भूकंपाशी थोडा संबंध आहे. तो पुढे येईल.

पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र उभे राहिले. 1964 साली त्याचा करार एका अमेरिकन कंपनीशी झाला, आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून तेथील दोन अणुभट्ट्या नियमितपणे वीज देऊ लागल्या. प्रत्येकीची मूळ शक्ती 210 मेगावॅट होती. पुढे वाफ तयार करणाऱ्या काही दुय्यम यंत्रांच्या नळ्या गळू लागल्या. ती यंत्रे वगळून काम चालवावे लागले, आणि प्रत्येक भट्टीची शक्ती 160 मेगावॅटांवर आणण्यात आली. म्हातारपणी माणूस ओझे कमी उचलतो, तसेच हे म्हणावयाचे.

अणुभट्टीत जळते तरी काय? लाकूड नव्हे, कोळसाही नव्हे. युरेनियमच्या अणूचा गर्भ न्यूट्रॉन नावाच्या सूक्ष्म कणाच्या आघाताने फुटतो. फुटताना उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते दुसरे अणू फोडतात, त्यांतून निघालेले तिसरे. या साखळीला आवर घालण्यासाठी बोरॉन असलेले नियंत्रक दांडे असतात. बोरॉन न्यूट्रॉन गिळून टाकतो. तारापूरच्या भट्टीत इंधनाच्या 284 जुड्या उभ्या असतात आणि नियंत्रक दांडे त्यांच्यामध्ये खालून वर सरकतात. दांडे आत गेले की साखळी तुटते. बाहेर काढले की सुरू होते. भट्टीत पाणी उकळते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्र फिरवते, आणि वीज तयार होते.

मग दांडे आत घातले की भट्टी विझली, असे तुम्हांस वाटेल. येथेच खरी मेख आहे.

आपल्या भागात थंडीच्या दिवसांत शेतावर हुरडा भाजतात. जाळ शांत होतो, वर राख जमते, कणसे खाऊन मंडळी उठतात. परंतु राखेत बोट घालून पाहा बरे! आत निखारे फुललेले असतात. अणुभट्टीचेही असेच असते. साखळी तुटली तरी फुटलेल्या अणूंचे तुकडे शांत होत नाहीत. त्यांतून उष्णता निघतच राहते. भट्टी थांबवल्याक्षणी ही उष्णता मूळ उष्णतेच्या शेकडा सहा-सात असते, तासाभरात शेकडा दीडच्या घरात येते, आणि दिवस उलटल्यावर अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते. अर्धा टक्का ऐकावयास लहान वाटतो. पण हिशेब करून पाहा. 160 मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत 500 मेगावॅटांहून अधिक उष्णता निर्माण होत असते. तिचा अर्धा टक्का म्हणजे अडीच मेगावॅट, म्हणजेच एक किलोवॅटच्या अडीच हजार विजेच्या शेगड्या, भट्टी बंद झाल्यानंतर दुसऱ्या दिवशीही अखंड पेटलेल्या! म्हणून बंद भट्टीवरूनही पाणी फिरवावे लागते. पाणी फिरवावयास पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. जे केंद्र साऱ्या जगाला वीज देते, त्याला स्वतः थांबलेले असताना वीज मागावी लागते, ही या यंत्राची विलक्षण तऱ्हा आहे.

ती वीज मिळाली नाही तर काय होते? 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली. यंत्र जोराने हादरले, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायू निसटला व त्याने पेट घेतला. आगीत विजेच्या तारा जळाल्या. जवळजवळ जवळजवळ टाकल्या असल्यामुळे नेहमीच्या आणि राखीव तारा एकाच आगीत सापडल्या. पुढे सुमारे सतरा तास केंद्रात अंधार होता. तेथील कर्मचारी हातात विजेऱ्या घेऊन धुरातून भट्टीच्या इमारतीच्या माथ्यावर चढले आणि त्यांनी स्वहस्ते झडपा उघडून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेलच्या पंपांनी थंडाव्यासाठी पाणी पुरवले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या माणसांचे धैर्य मोठेच. परंतु राखीव तारा नेहमीच्या तारांशेजारून नेणाऱ्याने थोडा अधिक विचार केला असता, तर त्या धैर्याची परीक्षा घ्यावी लागली नसती, असे मला वाटते.

आता तारापूरकडे वळू. सन 2000 च्या सुमारास तेथील भट्ट्यांना तीस वर्षे होऊन गेली होती. त्या कायमच्या बंद कराव्यात की दुरुस्त करून चालवाव्यात, हा प्रश्न उभा राहिला. एक उत्तर भीतीचे होते आणि दुसरे आळसाचे. भीती म्हणे, जुने झाले, मोडून टाका. आळस म्हणे, चालते आहे ना, मग चालू द्या. देशातील अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख करण्यासाठी 1983 साली अणुऊर्जा नियामक परिषद स्थापन झालेली आहे. तिच्या देखरेखीखाली तिसरा मार्ग धरण्यात आला, तो तपासणीचा. कोणता भाग किती झिजला, मूळ आराखड्यात आजच्या ज्ञानाने कोणत्या उणिवा दिसतात, कोठे एकच बिघाड दोन्ही भट्ट्यांना अडचणीत आणील, याचा कित्येक वर्षे कसून शोध घेण्यात आला. आणि 2005 च्या अखेरीस दोन्ही भट्ट्या एकदमच थांबवून दुरुस्तीस हात घालण्यात आला.

पहिली उणीव सामाईकपणाची होती. दोन भावांत एकच बैलजोडी असली म्हणजे पेरणीच्या दिवशी काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. तारापूरच्या दोन भट्ट्यांत काही सोयी सामाईक होत्या. त्या शक्य तितक्या वेगळ्या करण्यात आल्या; प्रत्येक भट्टीचा वीजपुरवठा निराळा झाला. संकटकाळी वीज देणाऱ्या जुन्या तीन डिझेल जनित्रांच्या जागी अधिक शक्तीची तीन नवी जनित्रे आली. मुख्य नियंत्रणकक्षात आग लागून तो सोडावा लागला तर काय, म्हणून निराळ्या ठिकाणी एक पूरक नियंत्रणकक्ष बांधण्यात आला. आगीपासून संरक्षणाची व्यवस्था सुधारली.

आणि भूकंप? तारापूरचा करार झाला 1964 साली, म्हणजे कोयनेच्या भूकंपाच्या आधी. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. कोयनेने ती मोडून काढली. म्हणून या तपासणीत इमारती, नळ आणि यंत्रे हादरा सोसतील काय, याचे गणित नव्याने मांडण्यात आले, आणि जेथे आवश्यक तेथे आधार बळकट केले गेले. लक्षात घ्या, भूकंपात नेहमी भिंतच पडते असे नाही. भिंत शाबूत राहते आणि कोपऱ्यातील कपाट उलथून दार अडवते. आमच्या घरी त्या पहाटे भिंत उभी होती. मोडली ती उतरंड.

अशा कामात माणसाला आणखी एका शत्रूशी गाठ असते. तो डोळ्यांस दिसत नाही, नाकास कळत नाही. किरणोत्सार मोजण्यासाठी प्रत्येक कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असतो, आणि त्याच्या अंगावर वर्षभरात किती मात्रा पडली याची नोंद राहते. आपल्या देशात ही मर्यादा एका वर्षास 30 मिलिसीव्हर्ट आणि पाच वर्षांस मिळून 100 मिलिसीव्हर्ट इतकी आहे. जेथे किरणोत्सार अधिक तेथे एकाने थोडाच वेळ काम करावयाचे आणि जागा दुसऱ्याला द्यावयाची. म्हणून प्रत्यक्ष जागी जाण्यापूर्वी तशाच नमुन्यावर कामाची तालीम करतात. कोणता बोल्ट आधी सोडवावयाचा हे विचार करीत तेथे उभे राहणे परवडत नाही.

दुरुस्ती संपली म्हणजे कळ दाबून भट्टी सुरू करतात, असे मात्र समजू नका. प्रथम प्रत्येक पंप, झडप, जनित्र चालवून पाहावयाचे. मुद्दाम वीज तोडून राखीव जनित्र वेळेत सुरू होते की नाही हे पाहावयाचे. नोंदी नियामक परिषदेपुढे जातात. तिची अनुमती मिळाल्यावाचून दांडे हलत नाहीत. त्यानंतर ते थोडेथोडे बाहेर काढतात. दरवेळी थांबून न्यूट्रॉनांची संख्या मोजतात, आलेखावर मांडतात, पुढचा आकडा काय येईल हे आधी काढून ठेवतात, आणि आलेला आकडा त्याच्याशी जुळला तरच पुढचे पाऊल. एका टप्प्याला साखळी आपली आपण चालू राहते. त्या वेळी नियंत्रणकक्षात कसलाही गडगडाट होत नाही. मापकाचा काटा तेवढा चढतो. नंतर पाणी तापते, वाफ धरते, टर्बाइन फिरू लागते, आणि जनित्राचा ठेका देशाच्या वीजजाळ्याशी जुळला की ते जाळ्यास जोडतात. शक्तीही एकदम चढवीत नाहीत. टप्प्याटप्प्याने, तपासून.

2006 च्या आरंभी तारापूरच्या दोन्ही भट्ट्या अशा रीतीने पुन्हा वीज देऊ लागल्या.

पाच वर्षांनी, 11 मार्च 2011 रोजी, जपानमध्ये फुकुशिमा येथे भूकंप होताच भट्ट्या आपोआप थांबल्या. परंतु पाठोपाठ आलेल्या समुद्राच्या प्रचंड लाटेने राखीव जनित्रे बुडवली. राखेखालचे निखारे पाण्यावाचून राहिले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. तारापूरच्या भट्ट्याही पाणी उकळून थेट वाफ करणाऱ्या त्याच जातीच्या. त्यामुळे येथे पुन्हा तपासणी झाली, आणि सर्व वीज गेली तरी बाहेरून नळ जोडून भट्टीत पाणी घालता येईल अशी सोय करण्यात आली.

2020 मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या या दोन्ही भट्ट्या दीर्घ काळासाठी पुन्हा थांबवण्यात आल्या. या वेळी प्रश्न होता भट्टीतील पाणी फिरवणाऱ्या मोठ्या नळांचा. ते काढून त्यांच्या जागी सहजी न गंजणाऱ्या धातूचे नवे नळ बसवण्याचे काम हाती घेण्यात आले.

स्वाध्याय

1. भट्टीतील साखळी तुटल्यावरही पाणी का फिरवावे लागते? लेखकाने त्यासाठी कोणती उपमा योजली आहे?

2. नरोरा येथील घटनेवरून तारापूरच्या वीजपुरवठ्याच्या फेररचनेचे महत्त्व कसे पटते, ते आपल्या शब्दांत लिहा.

3. ‘भिंत उभी होती, मोडली ती उतरंड’ या वाक्याचा पाठातील संदर्भ स्पष्ट करा.

4. तुमच्या गावातील पाणीपुरवठा वीज गेल्यावर कसा चालतो, याची विचारपूस करा व दहा ओळी लिहा.