कोल्हापूर ते गोवा, हुर्राकच्या हंगामात : चौघांचा हिशेब

वसंतात वायनरी पाहायची म्हटलं की नाशिक आठवतं. पण कोल्हापूरहून नाशिक एका बाजूनेच साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्याच पेट्रोलमध्ये आंबोलीमार्गे पणजी गाठून परत येता येतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये वाटेवर काजूचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून गाळल्या जाणाऱ्या हुर्राकचाही, हंगाम ऐन भरात असतो. माझं मत विचाराल तर गोव्याकडेच गाडी वळवा.

वाट निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा अशी. आजऱ्याजवळ रामतीर्थावर अर्धा तास थांबा, तिथे खर्च नाहीच. आंबोलीचा धबधबा या दिवसांत कोरडा असतो, त्याच्यासाठी जाऊ नका. तिथल्या कावळेसाद पॉइंटवरचा सूर्यास्त मात्र चुकवू नका. गर्दी पावसाळ्यात असते, त्यामुळे आता आठवड्याच्या मधल्या वारी खोलीच्या भाड्यात घासाघीस चालते. शिमग्याचे दिवस तेवढे टाळा.

दोन मुक्काम, चार माणसं, स्वतःची गाडी. फिरणं धरून 500 किलोमीटर, लिटरला 15 किलोमीटर आणि 105 रुपये दर धरला तर पेट्रोल 3500. टोल-पार्किंगला 500 ठेवा आणि फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघण्याआधी बघा. आंबोलीत दोन खोल्यांना 4500, गोव्यात 5000, तेही किनाऱ्यापासून आत राहिलात तर. जेवणखाण 6000. ड्रायव्हर तीन दिवसांचा, जेवण-राहण्यासह 4500. हुर्राकच्या भट्टीवरच्या चाखणीला आणि किरकोळ खर्चाला 2000. एकूण 26,000, म्हणजे माणशी 6500. हे माझे अंदाज आहेत; बुकिंग करताना दर विचारूनच घ्या.

ड्रायव्हरचे पैसे वाचवू नका. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय आंबोलीचा घाट.

पेडणे, सत्तरीकडच्या भट्ट्या सकाळी पाहाव्यात. बोंडं तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनाचा तो हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणी बारमाही मिळते, हुर्राक मात्र हंगामापुरताच. लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो पितात. तुडवलेल्या चोथ्यावर दगड ठेवला की जो स्वच्छ रस ठिबकतो, तो नीरो. त्यात नशा नाही. मुलांना आणि ड्रायव्हरला तो ताजाच द्या.

बाटली मात्र गाडीत घेऊ नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, दुकानाची पावती म्हणजे परवाना नव्हे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. गाडीही जप्त होऊ शकते.

डिकीतली जागा काजूगरासाठी ठेवा. उसळीला किंवा वाटणाला हवा असेल तर तुकडा घ्या, अख्ख्या गरापेक्षा बराच स्वस्त पडतो. परतताना सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी बघा, आणि आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायचा तर पाच किलो तरी घ्या.