बोली लावण्याआधी वहीत आकडा लिहा

सख्यांनो, लिलावात माल स्वस्त मिळतो आणि तो विकून चांगले पैसे सुटतात, असं आपल्या कानावर येतं. काही वेळा ते खरंही असतं. पण गटाचा पैसा घालायचा असेल तर आधी हिशेब यायला हवा. तो शिकण्यासाठी अमेरिकेतला एक धंदा समजून घेऊ. पूर्ण न बघता माल घेतला की काय होतं, ते त्यात नीट कळतं.

बंद गाळ्यांचा लिलाव

तिकडे घर बदललं, जागा लहान पडली किंवा घरातलं कुणी वारलं, की लोक जास्तीचं सामान महिन्याच्या भाड्याच्या गाळ्यात ठेवतात. भाडं थकलं की गोदामवाला कायद्याप्रमाणे नोटीस देतो आणि लिलावाची जाहिरात करतो. भाडेकरूने त्याआधी थकबाकी भरली तर लिलाव रद्द होतो. नाही भरली, तर आतल्या सगळ्या सामानाची मिळून एकच बोली लागते.

बोली लावणाऱ्याला दारातूनच बघायचं असतं. आत जायचं नाही, खोकं उघडायचं नाही. आता तर पुष्कळ लिलाव मोबाईलवर फोटो बघूनच होतात. ज्याची बोली लागली त्याने ठरलेल्या मुदतीत, बहुतेक दोन-तीन दिवसांत, कचऱ्यासकट सगळा गाळा रिकामा करायचा. त्यासाठी अनामतही घेतात. चांगलं कपाट हवं म्हणून घेतलं, की फाटक्या गाद्याही आपल्याच गळ्यात!

२०१० मध्ये या लिलावांवर टीव्हीवर एक कार्यक्रम सुरू झाला आणि धंद्याचं नाव घरोघरी पोचलं. पडद्यावर खोक्यातून मौल्यवान वस्तू निघताना दिसते. टेम्पोचं भाडं आणि फेकून द्यावा लागलेला माल मात्र सहसा नजरेत भरत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या गावात असे गाळे नसतील. पण बंद पडलेल्या दुकानाचा माल, कटपीसचे गठ्ठे, सरकारी कार्यालयातलं जुनं फर्निचर असं एकगठ्ठा विकायला निघतं. सरकारी लिलावात ‘जसे आहे, जिथे आहे’ अशी अट बहुधा असते. म्हणजे माल खराब निघाला तरी तक्रार चालत नाही, आणि उचलून नेण्याचा खर्च आपला.

हिशेब उलटा मांडायचा

समजा, एका बंद दुकानातले कपडे गटाला घ्यायचे आहेत. तो सगळा माल बाजारात ३०,००० रुपयांना जाईल असा आपला अंदाज आहे. आता वरून खाली येऊ.

- न खपणारा किंवा खराब माल चौथा हिस्सा धरू. उरले २२,५०० रुपये.
- टेम्पो भाडं २,५०० रुपये.
- हमाली आणि साफसफाई १,००० रुपये.
- आठवडी बाजारातली जागा आणि जाणं-येणं १,५०० रुपये.
- दोन सख्यांची ६ दिवसांची मजुरी, रोज ३०० रुपयांप्रमाणे, ३,६०० रुपये.
- गटाकडून १५,००० रुपये कर्ज, महिना २ टक्के, ३ महिन्यांचं व्याज ९०० रुपये.

एकूण खर्च ९,५०० रुपये. उरले १३,००० रुपये. त्यात गटाला निदान ३,००० रुपये नफा हवा. म्हणजे आपली शेवटची बोली १०,००० रुपये.

आता बोली चढत चढत १५,००० वर गेली आणि आपण घेतलं, तर? कर्ज २०,००० होईल, व्याज १,२०० होईल. मजुरी धरली नाही तर वहीत १,३०० रुपये नफा दिसेल. पण दोघींची ३,६०० रुपयांची मजुरी त्यात बुडाली. खरा हिशेब २,३०० रुपये तोट्याचा आहे. आपली मजुरी खर्चात धरायची, ती फुकटची नाही.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

१. शेवटची बोली आदल्या बैठकीत ठरवा आणि ठराव वहीत लिहा. लिलावात दोघी जा. एकीने बोली लावायची, दुसरीने आकडा हातात धरायचा. आकडा आला की थांबायचं. समोरचा चढवतोय म्हणून आपण चढवायचं नाही.
२. अनामत किती, कर वेगळा लागतो का, माल किती दिवसांत उचलायचा, हे आधी विचारा.
३. पावतीशिवाय माल घेऊ नका. चोरीचा निघाला तर गटाचं नाव जातं.
४. पहिल्या वेळी लहान गठ्ठा घ्या. माल ठेवायला कोरडी जागा आहे का ते बघा.
५. हप्त्यासाठी आणि मुलांच्या फीसाठी ठेवलेला पैसा यात घालू नका.

आणखी एक. लिलावातला माल पुष्कळदा कुणाच्या तरी अडचणीतून आलेला असतो. अमेरिकेतही गाळ्यात घरचे फोटो, दाखले, कागदपत्रं सापडली तर ती गोदामाच्या कार्यालयात परत द्यायची रीत आहे. आपल्या हाती असं काही लागलं तर तेच करा. अडल्या बाईच्या वस्तूची किंमत आपल्याला सांगायला नको.

बैठकीत चर्चेसाठी

- वरच्या उदाहरणात चौथ्या हिश्श्याऐवजी निम्मा माल खपला नाही, तर शेवटची बोली किती?
- आपल्या गटाने किती तोटा झाला तरी हप्ते थकणार नाहीत? तो आकडा वहीत लिहा.