काचेमागील अक्षरे : ध्वनियंत्रांची दर्शनी पट्टी कशी तयार होते?

यंत्राचे कार्य आतील भागांवर अवलंबून असले, तरी वापरणाऱ्याचा संबंध येतो तो त्याच्या दर्शनी भागाशी. कोणते बटण कशासाठी, हे तेथील अक्षरेच सांगतात. धातूच्या पट्टीवर छापलेली अक्षरे बोटांच्या व फडक्याच्या घर्षणाने झिजू शकतात. मग सुस्थितीतील यंत्रही नवख्याला चालविता येत नाही. यावरील एक उपाय म्हणजे काचेच्या मागील बाजूस केलेली छपाई. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे असलेली व १९४९ मध्ये स्थापन झालेली मॅकिंटॉश लॅबोरेटरी आपल्या उंची ध्वनियंत्रांसाठी १९६० च्या दशकापासून काचेच्या पट्ट्या वापरीत आली आहे. काळी काच, प्रकाशमान हिरवट अक्षरे आणि निळे दर्शक ही तिच्या यंत्रांची ओळख होय.

काचेची तयारी

प्रथम काच मापाने कापून तिच्या कडा घासल्या जातात. बटणांसाठीची भोके हिऱ्याचे कण बसविलेल्या पोकळ गिरमिटाने, पाण्याची धार सोडून पाडतात. पाण्यामुळे उष्णता कमी होते व काचेचा चुरा वाहून जातो. काच कडक करावयाची असल्यास ती ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून थंड हवेच्या झोतांनी झपाट्याने निवविली जाते. त्यानंतर मात्र भोक पाडता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास संपूर्ण काचेचे बारीक तुकडे होतात. म्हणून भोके आधीच पाडावी लागतात.

छपाईचा उलटा क्रम

दुकानाच्या काचेच्या दारावर आतून रंगविलेली पाटी आपण पाहतो. येथेही तेच तत्त्व आहे. अक्षरे उलटी छापली जातात आणि जे सर्वांत पुढे दिसावयाचे ते सर्वांत आधी छापले जाते. ताणून बसविलेल्या बारीक जाळीतून रबरी पट्टीने शाई दाबतात. पांढरी वा सोनेरी अक्षरे आधी छापून त्यांवर काळा थर देतात. उजळावयाची अक्षरे मात्र काळ्या थरात कोरी सोडली जातात व त्या मोकळ्या जागेमागे पारभासक रंग भरला जातो. यंत्र सुरू होताच मागील दिव्याचा प्रकाश त्यांतूनच बाहेर येतो.

तपासणी

प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा थर देतात आणि तो आधीच्या थराशी तंतोतंत जुळवावा लागतो. धुळीचा एक कण राहिला, तरी काळ्या थरात सूक्ष्म छिद्र पडून तेथे प्रकाशाचा ठिपका दिसतो. त्यामुळे काच उजेडासमोर धरून तपासली जाते. पुढून दिसणारा पहिला थर नंतरच्या थरांखाली गाडला गेलेला असतो. त्यातील चूक मागाहून सुधारता येत नाही.

शिक्षकांना हे तत्त्व पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर सहज दाखविता येईल. आधी उलटी अक्षरे व नंतर पार्श्वभूमी रंगवून तुकडा पालटला, की कामाच्या क्रमाचे महत्त्व विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.