घरच्या पानातील पालेभाजी : चेंबूरच्या साईभाजीवरून घेण्याजोगा पाठ

चेंबूर हे नाव आमच्या बहुतेक वाचकांस 'सुफला' खतामुळे ऐकून ठाऊक असेल. हे खत ज्या ट्रॉम्बेच्या कारखान्यात तयार होते, तो चेंबूरला लागूनच आहे. परंतु आज त्या गावाचा उल्लेख आम्ही खतासाठी करीत नसून तेथील एका भाजीसाठी करीत आहो. एके काळी चेंबूर हे साष्टीतील भातशेतीचे खेडे होते. कुर्ल्याहून तेथवर लोहमार्ग १९०६ साली झाला व उतारूंच्या गाड्या १९२४ पासून धावू लागल्या. पुढे १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेली हजारो कुटुंबे मुंबईच्या आसपास आली, त्यांपैकी पुष्कळांस चेंबूरच्या छावणीत आसरा मिळाला. तो भाग अजूनही 'चेंबूर कॅम्प' म्हणूनच ओळखला जातो. घरदार मागे राहिले, तरी स्वयंपाकाची रीत या लोकांनी बरोबर आणली. त्या रीतीतील 'साईभाजी' आमच्या शेतकरी घरांनी अवश्य उचलावी असे आम्हांस वाटते.

यामागील कारण थोडे कटू आहे. भाजी पिकविणाऱ्याच्याच घरी भाजी कमी खाल्ली जाते. चांगली जुडी बाजारात जाते, पिवळी पडलेली घरात राहते. आणि तीही पुरुषांच्या व मुलांच्या पानात वाढून झाल्यावर घरधनिणीच्या वाट्यास भाकरी आणि चटणी येते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींच्या रक्तात लाली कमी आढळली. भाज्या व फळे मिळून दर माणशी रोज निदान ४०० ग्रॅम खावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात बटाटा धरलेला नाही. आमच्या वाचकांनी आपल्या घरच्या पानांत किती भाजी पडते हे एक दिवस तागडीवर पाहावे, म्हणजे अधिक लिहिण्याचे कारण उरणार नाही.

आता साईभाजीकडे वळू. सिंधी भाषेत 'साई' म्हणजे हिरवी. चार-पाच माणसांस अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ अर्धा तास भिजत घालावी. पालकाची एक मोठी जुडी, चुक्याची अर्धी जुडी व मूठभर शेपू निवडून, धुऊन, मग चिरावा. एक बटाटा, एक लहान वांगे, एक टोमॅटो आणि असल्यास गाजर यांच्या फोडी कराव्या. दोन चमचे तेलात कांदा परतून आले, हिरवी मिरची व हळद घालावी. त्यावर डाळ, मग फोडी आणि सर्वांत वर पाला रचावा. पाला स्वतःच पाणी सोडतो, म्हणून पाणी बेताचेच, डाळ बुडेल इतके पुरे. झाकण ठेवून मंद आचेवर, किंवा कुकरात तीन-चार शिट्ट्या देऊन, डाळ मऊ होईपर्यंत शिजवावे. नंतर मीठ घालून रवीने घोटावे, पण अगदी पीठ करू नये. डाळीचा दाणा जिभेस लागला पाहिजे. शेवटी ठेचलेल्या लसणीची फोडणी वरून द्यावी. सिंधी घरांत ही भाजी कांदा तांबूस परतून केलेल्या भाताबरोबर खातात. ज्वारीच्या भाकरीबरोबरही ती उत्तम लागते, किंबहुना आमच्या मते अधिक चांगली.

आमच्याकडील डाळ घातलेली पातळ भाजी हिची सख्खी बहीणच होय. फरक इतकाच की, आमची भाजी तोंडी लावण्यापुरती होते, आणि साईभाजी हेच जेवणातले मुख्य अन्न असते. एकाच भांड्यात डाळ, पाला व फळभाजी आल्यामुळे थकून शेतावरून आलेल्या बाईचे कामही वाचते.

कृतीतील दोन-तीन गोष्टींस कारण आहे. पाला चिरून मग धुतला, अथवा शिजविलेले पाणी फेकले, तर क जीवनसत्त्वाचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो. पाल्यातील अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य अंगी लागण्यास थोडी स्निग्धता लागते. तेवढ्यास फोडणीचे तेल पुरते. पालकातील लोह शरीरात फार थोडे शोषले जाते, म्हणून पानात लिंबाची फोड हवी, आणि जेवणाला लागून चहा नको, कारण चहा त्या शोषणास आड येतो. तरीही ज्या स्त्रीस आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, तिने भाजीच्या भरवशावर त्या सोडू नयेत. मूतखड्याची खोड असलेल्यांनी पालक, चुका व अळू बेतानेच खावे. त्यांस मेथी किंवा दुध्या बरा.

मधल्या वेळच्या खाण्याविषयीही चेंबूरपासून शिकता येते, पण निवड करून. तेथील दालपकवान रुचकर खरे; परंतु त्यातील पकवान म्हणजे मैद्याची तळलेली पोळी, ती सणावारी ठीक. 'कोकी' मात्र रोजची आहे. कणकेत बारीक कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरे व थोडे तेल घालून घट्ट भिजवितात, जाडसर लाटून अर्धवट भाजतात, आणि पुन्हा लाटून सावकाश खरपूस करतात. ती दुसऱ्या दिवशी शिळी म्हणून टाकावी लागत नाही, त्यामुळे प्रवासात व शाळेच्या डब्यात सोयीची. दोन वाट्या कणकेस एक वाटी चिरलेली मेथी किंवा शेपू घातला तर मुलांच्या पोटात पाला नकळत जातो. आमच्या थालीपिठास हीच युक्ती लागू आहे. भाजणीत शेवग्याचा कोवळा पाला घालून पाहावा. मेथीचे मुटके उकडून, तिळाच्या फोडणीवर परतावे. अळूवडीही उकडून तव्यावर थोड्या तेलात भाजली तर तळणीची आठवण होत नाही. अळू खाजरे असल्यास चिंचेचा कोळ हात राखून घालू नये.

मुंबईच्या उपनगरांत लोहमार्गाच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढविलेल्या पालेभाजीविषयी शहरवासीयांच्या तक्रारी पुष्कळ वर्षांच्या आहेत. ज्याच्या विहिरीचे पाणी स्वच्छ आहे, त्या शेतकऱ्याने घरापुरता एक गुंठा राखणे कठीण नाही. त्यात मेथी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी, म्हणजे एक वाफा संपेतो दुसरा हाताशी येतो. ती महिन्याभरात उपटण्याजोगी होते. पालक व चुका मुळासकट न उपटता कापून घ्यावा, पुन्हा फुटतो. बांधावर शेवग्याचे एक झाड व न्हाणीच्या ओलीवर अळू असले की झाले. मात्र विक्रीच्या पिकावरील औषधाची फवारणी उडून येईल अशा जागी हा गुंठा धरू नये. वारा ज्या बाजूने येतो त्या अंगास, आणि शक्यतो घराच्या नजरेत, तो धरावा.