तिसाव्या पानाची काळजी सोड

मनू, काल फोनवर तू रडवेली झालीस. "ताई, माझ्या तिसाव्या पानावर काहीच घडत नाही गं." तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तुटलं, म्हणून आता निवांत लिहिते.

सिड फील्डचं 'स्क्रीनप्ले' तू घेतलंस हे फार चांगलं केलंस. १९७९ सालचं पुस्तक, पण पटकथा शिकवणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. फक्त त्यातल्या आकड्यांना घाबरू नकोस. हा माणूस सिनेमोबाइल नावाच्या कंपनीत पटकथा वाचायची नोकरी करायचा. दोन-सव्वादोन वर्षांत दोन हजारांवर पटकथा त्याच्या हाताखालून गेल्या आणि पुढे पाठवण्याजोग्या निघाल्या जेमतेम ४०. या चाळिसांत असं काय आहे जे बाकीच्यांत नाही, या प्रश्नामागे तो लागला. १२० पानं, पान म्हणजे साधारण एक मिनिट, पहिल्या तिसात मांडणी, मधल्या साठात झगडा, शेवटच्या तिसात निकाल, आणि पहिले दोन भाग संपताना कथेला एकेक वळण. हे त्याला चांगल्या पटकथा वाचता वाचता दिसलं. म्हणून तिसावं पान आलं की एखादा अपघात घुसडायचा, असं करू नकोस गं. वळण पात्राच्या पोटातून यावं लागतं.

आपल्या नागपूरच्या राजकुमार हिरानींचा 'मुन्नाभाई एमबीबीएस' (२००३) तुला तोंडपाठ आहे. वडिलांची इथे टायपिंगची इन्स्टिट्यूट, आणि मुलगा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकला. कुठला प्रसंग कुठे कापायचा याची जाण त्यांच्या लिहिण्यातही दिसते. आता तो सिनेमा वही घेऊन बघ. मुन्ना डॉक्टर असल्याचं खोटं नाटक उघडं पडतं, आईवडील अपमान गिळून परत जातात, आणि तो खरंच मेडिकलला जायचं ठरवतो. हे पहिलं वळण. पुढे हॉस्पिटलातला रुग्ण झहीर त्याच्या हातांत जीव सोडतो आणि जादूची झप्पी वाटणारा माणूस हरतो. हे दुसरं. दोन्ही वेळी मुन्नाला जे हवं होतं तेच त्याच्या हातून निसटतं, बाहेरून काही येऊन आदळत नाही. मधले प्रसंग एकेक करून मनातल्या मनात काढून बघ. ज्याच्यावाचून पुढचं अडतं तो खरा, बाकीच्यांबद्दल विचार कर.

फील्डच्या कागदावर मध्यंतर नाही, आपल्या थिएटरात आहे. त्यामुळे आपल्याकडे मधल्या साठ पानांच्या पोटात आणखी एक मोठं वळण लागतं. 'सैराट'चा पूर्वार्ध आणि हैदराबादेतला उत्तरार्ध लागोपाठ बघ, म्हणजे नागराज मंजुळेंनी प्रेमकथा कुठे संपवली आणि संसार कुठे सुरू केला ते कळेल.

आणि फील्डचं मला सगळ्यात पटलेलं सांगते. लिहायला बसण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात: शेवट, सुरुवात आणि ही दोन वळणं. त्यातही शेवट पहिला. तुझ्याकडे सुरुवात सुरेख आहे, शेवट नाही. तिसाव्या पानावर गाडी अडते ती त्यामुळे.

घरचे म्हणतात आधी दुकान. माझंही तेच मत आहे, पण कारण वेगळं. गांधीबागेच्या ठोक कापड बाजारात बसून माणसाला काय हवं आणि ते का मिळत नाही, हे तुला रोज बघायला मिळतं. भंडाऱ्याकडचा एखादा छोटा दुकानदार दिवाळीच्या तोंडावर माल उधार मागायला येतो. मागच्या हंगामाची थकबाकी अजून फिटलेली नाही. गद्दीवरच्या शेठजींना वसुलीही हवी आणि गिऱ्हाईकही तुटायला नको. दोघांनाही मनातलं बोलता येत नाही, म्हणून ते चहा मागवतात आणि पावसावर बोलतात. हा प्रसंग लिही. आधी फक्त तीन पानं.

रात्री एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक वाच. घरात मृत्यू झालाय, तेराव्याचा खर्च समोर आहे, आणि एका वाड्यातल्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवंय. एलकुंचवार स्वतः नाटकाकडे कसे वळले ठाऊक आहे? सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो' बघितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, आणि लिहिण्याआधी भरपूर नाटकं वाचून काढली. तूही वाच. आपल्या विदर्भातली माणसं रंगमंचावर कशी बोलतात, ते कानात बसू दे.

पटकथा पूर्ण झाली की कुणालाही पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घे आणि तिथे ती नोंदव. ओळखीचा निर्माता भेटला, गोड बोलला, तरीही.

या रविवारी बाजार बंद असेल तेव्हा शेवटचा प्रसंग लिहून काढ आणि मला तेवढाच पाठव. पहिली तीस पानं मी नंतर मागीन.